रोज एक नवीन साईट निघते, लक्ष ठेवायचं तरी कसं?

प्रश्न असा आहे की दर थोड्या दिवसांनी कुठलीतरी नवीन सोशल साईट निघते, सगळे तिकडे पळतात, आपण अकाउंट उघडेपर्यंत लोक पुढच्या साईटवर गेलेले असतात, आणि नेटवर जे काही नवीन सापडत असतं ते आपल्याला नेहमी सगळ्यात शेवटी कळतं, तर या सगळ्याबरोबर राहायचं कसं?

मी जवळपास अठरा वर्षं हेच काम करतेय. ऑनलाइन कम्युनिटी सांभाळणं, नवीन साईट तपासून आपण तिथे जायचं का नाही ते टीमला सांगणं, आणि आठवड्यातून एकदा सापडलेल्या चांगल्या लिंकांचं न्यूजलेटर काढणं. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, की मागे पडलो म्हणजे काहीतरी गमावलं. एखाद्या साईटबद्दल माहिती असणं आणि तिथे जाऊन बसणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि बहुतेक लोक ती एकच समजतात म्हणून थकतात. मला आज निदान साठ-सत्तर साईट्सबद्दल नीट सांगता येईल, त्यातल्या चारच मी रोज उघडते. बाकीच्यांवर फक्त नजर असते आणि नजर ठेवायला अकाउंट लागतंच असं नाही.

उशीर झाल्याने खरंच किती बिघडतं ते जुन्या नावांकडे बघून कळतं. सिक्स डिग्रीज १९९७ मध्ये आली, फ्रेंडस्टर २००२ मध्ये, मायस्पेस २००३ मध्ये, ऑर्कुट जानेवारी २००४ मध्ये आणि फेसबुक त्याच्या पुढच्याच महिन्यात, तेही सुरुवातीला फक्त एका विद्यापीठापुरतं. म्हणजे जे सगळ्यात आधी फ्रेंडस्टरवर गेले त्यांना शेवटी मिळालं काय, तर गर्दी वाढल्यावर सर्व्हरला भार न पेलल्यामुळे पान उघडायची वाट बघत बसणं. त्यानंतर आलेल्यांनी त्यातून शिकून साईट बांधली. वाईन जानेवारी २०१३ मध्ये सुरू झालं, सहा सेकंदांचे व्हिडिओ, खूप मजेशीर जागा होती, ऑक्टोबर २०१६ मध्ये बंद करत असल्याची घोषणा झाली. क्लबहाउस तर मला अगदी ताजं आठवतंय, २०२० मध्ये फक्त आयफोनवर आणि इन्व्हाइट असेल तरच आत, लोक इन्व्हाइटसाठी अक्षरशः विनवण्या करत होते, मे २०२१ मध्ये अँड्रॉइडवर आलं, जुलैमध्ये इन्व्हाइटची अटच काढली, आणि तोपर्यंत बऱ्याच खोल्या ओस पडायला लागल्या होत्या. ज्यांनी एक वर्ष थांबून बघितलं त्यांचं काहीही नुकसान झालं नाही. (ज्यांचं पोटच व्हिडिओ किंवा चित्रं बनवण्यावर आहे त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना नवीन जागी लवकर गेल्याचा फायदा होतो, कारण गर्दी कमी असताना ओळख लवकर होते. पण तुम्ही वाचक म्हणून विचारताय असं धरून मी लिहितेय.)

आणि ते जे आकडे बातम्यांत येतात ना, इतके कोटी लोक आले, ते बघून घाबरायचं कारण नाही. इन्स्टाग्रामवाल्या कंपनीचंच थ्रेड्स जुलै २०२३ मध्ये आलं तेव्हा पाच दिवसांत दहा कोटी लोकांनी नाव नोंदवलं, कारण इन्स्टाग्रामचं अकाउंट होतं त्यांना एक बटण दाबायचं होतं फक्त. त्यानंतरच्या आठवड्यांत रोज येणाऱ्यांची संख्या बरीच घसरली आणि मग हळूहळू पुन्हा चढली. नाव नोंदवणं आणि सवय लागणं यात फार अंतर असतं. याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण गूगल प्लसचं. ऑक्टोबर २०१८ मध्ये ते बंद करायचं जाहीर करताना गूगलनेच सांगितलं होतं की ९० टक्के वेळा लोक तिथे येऊन पाच सेकंदही थांबत नाहीत. मी त्या साईटवर दोन कम्युनिटी चालवत होते आणि तो आकडा वाचल्यावर मला कळलं की माझ्या पोस्टखालची शांतता ही माझी चूक नव्हती.

आता मुख्य मुद्दा. नवीन साईट्स शोधत बसू नका, ज्यांना त्या आधी सापडतात अशी माणसं शोधा. साईट दर दोन वर्षांनी बदलते, चांगली नजर असलेला माणूस वीस-वीस वर्षं तसाच राहतो, तो कुठेही गेला तरी त्याच्यामागे तुम्हालाही रस्ता दिसतो. माझ्या यादीत असे साधारण चाळीस लोक आहेत आणि ते तीन जातकुळीचे आहेत. एक बांधणारे, म्हणजे प्रोग्रामर आणि डिझायनर मंडळी, यांना नवीन गोष्ट तयार होत असतानाच कळते. दुसरे साठवणारे, ग्रंथपाल, अर्काइव्हवाले, जुन्या वेबसाईट जपणारे लोक, हे नवीन काही आलं की ते टिकेल का हे फार चांगलं ओळखतात आणि मला यांचाच सगळ्यात जास्त उपयोग झालाय. तिसरे नुसते खेळणारे, चित्रकार, गेम बनवणारे, कॉलेजमधली मुलं, यांना उपयोगाशी देणंघेणं नसतं, मजा आली की ते तिथे असतात. या तिघांचं एकमेकांशी फारसं बोलणं नसतं. म्हणून माझा नियम असा की एका गोटातून नाव आलं तर नुसतं वाचायचं, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन गोटांतून तेच नाव आलं की मग जाऊन बघायचं. एवढ्या एका गाळणीने माझा नव्वद टक्के वेळ वाचतो असं मी मनापासून सांगू शकते.

अशी माणसं मिळवायची कशी, तर एक युक्ती आहे जी मी फार कमी लोकांना करताना बघितलीय. तुम्हाला एखादं पान खूप आवडलं की त्याचा पत्ता कॉपी करायचा आणि रेडिट किंवा हॅकर न्यूज या लिंका टाकून चर्चा करायच्या साईट्सच्या सर्चमध्ये टाकायचा. तीच लिंक तिथे आधी कुणी टाकली होती, किती वर्षांपूर्वी, खाली काय चर्चा झाली ते दिसतं. ज्याने ती तुमच्या कितीतरी आधी टाकली त्याच्या प्रोफाइलवर जाऊन त्याने आणखी काय काय टाकलंय ते बघा. दहातला एक माणूस असा निघतो की त्याची निम्मी यादी तुमच्या आवडीची असते. त्याला धरून ठेवा. हॅकर न्यूज २००७ पासून आहे, दिसायला अगदी रूक्ष, पण तिथे शो एचएन म्हणून एक भाग आहे जिथे लोक स्वतः बनवलेल्या गोष्टी आणून दाखवतात आणि बाकीचे त्याची खरडपट्टी काढतात, ती खरडपट्टी वाचण्यासारखी असते. प्रॉडक्ट हंट २०१३ मध्ये एका साध्या ईमेल लिस्टमधून सुरू झालं, तिथे रोज नवीन अ‍ॅप्स दिसतात, पण तिथे प्रत्येकजण आपला माल घेऊन उभा असतो त्यामुळे कौतुकाकडे दुर्लक्ष करून फक्त नावं बघायची. मेटाफिल्टर ही लिंका वाटून घेणाऱ्यांची साईट १९९९ पासून चालू आहे, तिथे अकाउंट उघडायला एकदाच थोडे पैसे पडतात आणि मला वाटतं त्यामुळेच तिथल्या लिंका अजून निवडक असतात.

माणसं मिळाली की त्यांचं लिखाण एका ठिकाणी यायला हवं, नाहीतर पुन्हा दहा साईट उघडणं आलंच. यासाठी आरएसएस, म्हणजे एखाद्या साईटवर नवीन काही आलं की ते आपल्या रीडर नावाच्या प्रोग्राममध्ये आपोआप येण्याची सोय, आणि प्रत्येक साईटकडून अशी जी यादी येते ती तिची फीड. हो, तेच जुनं आरएसएस, १९९९ मधलं. लोकांना वाटतं ते गूगल रीडरबरोबर १ जुलै २०१३ ला संपलं, ते कुठेही गेलेलं नाही, तुम्ही ऐकता ते पॉडकास्ट याच्यावरच चालतात. फीडली, इनोरीडर, किंवा अ‍ॅपल वापरत असाल तर नेटन्यूजवायर, यातला कुठलाही एक रीडर घ्या. ब्लॉग तर त्यात येतातच, पण यूट्यूबच्या चॅनलचीही फीड असते, मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्या साईटवरच्या कुठल्याही पब्लिक प्रोफाइलच्या पत्त्यापुढे डॉट आरएसएस लावलं की त्याची फीड मिळते, रेडिटच्या ग्रुपचंही तसंच, तशाच ब्लूस्काय नावाच्या साईटवरच्या प्रोफाइललाही फीड आहे. म्हणजे अकाउंट न उघडता, अ‍ॅप न टाकता, एकही नोटिफिकेशन न येता तुम्हाला हव्या त्या माणसांचं सगळं एका पानावर, जुन्यापासून नव्यापर्यंत, कुणीही मधे घुसून क्रम न बदलता. मी हे ज्यांना ज्यांना लावून दिलं त्यांनी महिन्याभरात सांगितलं की डोकं शांत झालं.

अल्गोरिदमच्या फीडवर यासाठी विसंबू नका असं मी का म्हणते तेही सांगते. तुम्ही कालच्या कुठल्या व्हिडिओवर थांबलात ते बघून ती फीड आजचे व्हिडिओ आणते. तिचा धंदाच तुम्हाला थांबवून ठेवायचा आहे, त्यामुळे ती जे आणते ते कालच्याचंच भावंड असतं, नवीन वाटतं पण चार महिन्यांनी मागे वळून बघितलं तर आपण एकाच अंगणात फिरत होतो असं दिसतं. करमणुकीसाठी ठीक आहे, मी पण बघते. पण शोध लागतो तो असा की एका माणसाच्या यादीत तुमच्या आवडीच्या नऊ गोष्टींशेजारी दहावी अशी असते जिच्याबद्दल तुम्हाला काही माहितीच नव्हतं, आणि ती तुम्ही उघडता कारण त्या माणसावर तुमचा विश्वास असतो.

बरं, समजा एक नाव दोन गोटांतून आलं आणि तुम्ही बघायला निघालात. तर मी काय करते, वेगळा ईमेल वापरते, जो फक्त नवीन साईट्ससाठी ठेवलाय. पासवर्ड मॅनेजरने पासवर्ड बनवते, जुना कधीच वापरत नाही. आपलं नेहमीचं नाव मिळत असेल तर ते घेऊन ठेवते, कारण लवकर गेल्याचा साध्या वाचकाला एवढाच काय तो फायदा. आणि मग चौदा दिवस काहीही लिहीत नाही, फक्त वाचते. पहिल्या दोन दिवसांत सगळे एकमेकांचं स्वागत करत असतात आणि साईटबद्दलच बोलत असतात, त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्या आठवड्यात लोक साईट सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलायला लागले का ते बघायचं. लागले असतील तर तिथे जीव आहे. तेव्हाही नुसतं नवीन अ‍ॅपचंच कौतुक चालू असेल तर मी अकाउंट बंद करून निघते. आणखी एक, पहिलं भांडण झालं की मालक लोक ते कसं हाताळतात ते नक्की बघा. एखाद्याला त्रास दिला जातोय अशी तक्रार आली आणि दोन दिवस कुणी उत्तरच दिलं नाही तर ती साईट मोठी झाल्यावर काय होणार ते तिथेच दिसतं.

कॉन्टॅक्ट लिस्टची परमिशन कधीही, कुठल्याही परिस्थितीत देऊ नका. हे मी पोळून शिकलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका नवीन साईटवर ओळखीचे लोक शोधा म्हणून बटण होतं ते मी दाबलं, आणि तिने माझ्या नावाने माझ्या अ‍ॅड्रेस बुकमधल्या चारशेच्या वर लोकांना निमंत्रणाचे ईमेल पाठवले, त्यात कामावरचे वरिष्ठ होते, ज्यांच्याशी बोलणं तुटलं होतं असे लोक होते, आणि एक असे गृहस्थ ज्यांना जाऊन सहा महिने झाले होते, त्यांच्या मुलीचं मला उत्तर आलं. ते उत्तर मी अजून विसरलेली नाही. आपली कॉन्टॅक्ट लिस्ट ही फक्त आपली नसते, त्यात ज्यांची नावं आहेत त्यांची पण असते. पाथ नावाच्या अ‍ॅपचं २०१२ मधलं प्रकरण तर जगजाहीर आहे, ते न विचारता पूर्ण अ‍ॅड्रेस बुक आपल्या सर्व्हरवर नेत होतं, बोभाटा झाल्यावर माफी मागितली, आणि त्यानंतर फोनमध्येच परमिशन विचारायची सोय आली. आता फोन विचारतो, तर नाही म्हणा.

यानंतर बाहेर पडायचा दरवाजा. नवीन साईटवर मी सेटिंगमध्ये सगळ्यात आधी एक्सपोर्ट शोधते. आपण लिहिलेलं, आपले फोटो, आपण कुणाला फॉलो करतो ती यादी, हे सगळं फाइल म्हणून काढता येतं का? नसेल येत तर तिथे मी असं काहीही टाकत नाही ज्याचं मला दुःख होईल. कारण साईट बंद होणं हा अपघात राहिलेला नाही, तो नेहमीचा शेवट आहे. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, पण निदान आधी तीन महिने सांगून. एलोने २०१४ मध्ये तुम्ही आमचा माल नाही असं जाहीर करून लाखो लोक गोळा केले आणि २०२३ मध्ये एके दिवशी साईट उघडेनाशी झाली, तिथे चित्रकारांची वर्षानुवर्षांची कामं होती. मायस्पेसने तर साईट चालू असतानाच २००३ ते २०१५ मधली गाणी सर्व्हर बदलताना घालवली, पाच कोटींहून जास्त, आणि २०१९ मध्ये हे सगळ्यांना कळलं. त्यातली साडेचार-पाच लाख गाणी एका संशोधक गटाने आधी उतरवून ठेवली होती म्हणून ती इंटरनेट अर्काइव्ह या जुनी वेबपानं जपणाऱ्या संस्थेच्या साईटवर आज ऐकता येतात, बाकीची गेली.

म्हणून मला सध्या प्रोटोकॉलवर, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या ठराविक नियमांवर चालणाऱ्या साईट्सबद्दल मनापासून आशा वाटते. ईमेल कसा कुठल्याही कंपनीकडून कुठल्याही कंपनीकडे जातो तसं सोशल साईट्सचं व्हावं असा हा प्रयत्न आहे. अ‍ॅक्टिव्हिटीपब हे त्यातलं एक, जानेवारी २०१८ मध्ये ते वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेचं अधिकृत स्टँडर्ड झालं, मॅस्टोडॉन त्याच्यावर चालतं आणि थ्रेड्सनेही काही प्रमाणात ते जोडून घेतलंय. मॅस्टोडॉन म्हणजे वेगवेगळ्या लोकांनी चालवलेले अनेक सर्व्हर, त्यात तुम्ही एक सर्व्हर सोडून दुसऱ्यावर जाऊ शकता आणि फॉलोअर तुमच्याबरोबर येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात, हे लक्षात ठेवून सर्व्हर निवडा. ब्लूस्काय वेगळ्या प्रोटोकॉलवर आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये ते इन्व्हाइटशिवाय सगळ्यांना उघडलं, तिथे स्वतःच्या डोमेनचं, म्हणजे आपल्या वेबसाईटच्या पत्त्याचं नाव हँडल (साईटवरचं आपलं नाव) म्हणून वापरता येतं, मला हे फार आवडलं कारण ते नाव कंपनीच्या नाही, माझ्या मालकीचं आहे. हे प्रयोग सगळे यशस्वी होतील असं नाही. पण कुठल्या नवीन साईटवर वेळ घालवायचा असा प्रश्न असेल तर माझा कल अशा जागांकडे असतो.

पैसे कुठून येतात तेही विचारा, पण त्यावरून लगेच निर्णय नका घेऊ. कोहोस्ट २०२२ मध्ये आलं, जाहिराती नाहीत, छोटी टीम, आपला जमाखर्च उघडपणे सांगायची, फार प्रेमळ जागा होती, आणि २०२४ च्या शेवटी पैशाअभावी बंद झाली. तरी तिथे घालवलेला वेळ वाया गेला असं मला वाटत नाही, तिथे भेटलेले सहा-सात लोक आज माझ्या आरएसएसमध्ये आहेत.

एक अडचण खरी आहे आणि तिला सोपा उपाय नाही. गेल्या काही वर्षांत बरीच चांगली चर्चा डिस्कॉर्ड, टेलिग्राम, व्हॉट्सअ‍ॅप अशा बंद खोल्यांत गेलीय. डिस्कॉर्डमधलं बोलणं बाहेरच्या सर्च इंजिनला दिसत नाही, फीड नाही, काही नाही. तिथे प्रत्यक्ष जाऊन बसावंच लागतं. तुमच्या सगळ्यात आवडीच्या विषयाच्या एक किंवा दोन खोल्या निवडा, सगळे चॅनल म्यूट करा, लिंका टाकायचा जो चॅनल असतो तेवढाच उघडा ठेवा.

सापडलेलं जपायचं कसं हे तुम्ही विचारलं नाही पण ते यातच येतं. प्यू रिसर्च या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४ मध्ये तपासलं तेव्हा २०१३ मध्ये असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यामुळे नुसता बुकमार्क हा भरवसा नाही. पान आवडलं की मी ते त्याच इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सेव्ह करते, त्यांच्या साईटवर पत्ता टाकायचा आणि बटण दाबायचं, दहा-वीस सेकंदांचं काम, आणि त्याचा फायदा पुढच्या प्रत्येकाला होतो. अगदी महत्त्वाचं असेल तर पीडीएफ करून स्वतःकडे. नंतर वाचू म्हणून साठवणारी अ‍ॅप्ससुद्धा जातात, पॉकेट जुलै २०२५ मध्ये बंद झालं, म्हणून लिंकांची यादी मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते. प्रत्येक लिंकसमोर तारीख, कुणाकडून कळली ते नाव, आणि का आवडली त्याची एक ओळ. कुणाकडून कळली हे लिहिल्याने वर्षाच्या शेवटी आपोआप दिसतं की कुणाची नजर तुम्हाला खरंच उपयोगी पडली.

अकाउंट्सचीही तशीच एक फाइल आहे, साईटचं नाव, कधी उघडलं, कुठल्या ईमेलवर. दर तीन महिन्यांनी ती उघडते आणि ज्या साईटवर एकदाही गेले नाही तिथलं अकाउंट एक्सपोर्ट घेऊन डिलीट करते, नुसतं अ‍ॅप काढून टाकून उपयोग नाही, अकाउंट तिथे पडून राहतं आणि कधीतरी साईट हॅक झाली की त्यातला ईमेल-पासवर्ड बाहेर येतो. आपला ईमेल अशा कुठल्या गळतीत आलाय का ते हॅव आय बीन पोन्ड वर फुकट बघता येतं.

सुरुवात करायची तर या आठवड्यात फक्त रीडर लावा आणि त्यात दहा माणसं टाका, दहाच. रोज वीस मिनिटं पुरतात. पहिले दोन-तीन आठवडे फीड रिकामी वाटेल, सवय नसते म्हणून हात सारखा जुन्या अ‍ॅपकडे जाईल, तेव्हा घाईघाईने शंभर फीड भरू नका, नाहीतर तीही एक न संपणारी यादी होईल. महिन्याला दोन-तीन माणसं वाढवा, आणि ज्याचं तुम्ही सलग महिनाभर न वाचता पुढे ढकलताय त्याला काढून टाका. कुणाला वाईट वाटत नाही, त्यांना कळतही नाही.